भांडायला काळ लागतो

मुलीच्या बाळंतपणासाठी नोव्हेंबरात तोरिनोला निघाले, तेव्हा माझ्या बॅगेत अळीव होते, बाळंतशोपा होत्या, ओवा, सुंठ, वेखंड होतं, जुन्या नऊवारीची डझनभर दुपटी होती, दोन कानटोप्या होत्या आणि अर्धा किलो डिंक होता. बाळंतिणीला लागेल ते सगळं घेतलं होतं. विहिणीशी लागेल ते मात्र घरीच राहिलं. क्रियापद.

जावई तिथलाच. त्याची आई अस्सल पिएमॉन्तची, म्हणजे आल्प्सच्या पायथ्याची. वडील सिसिलीचे. साठच्या दशकात दक्षिणेतली हजारो पोरं मोटारीच्या कारखान्यात कामाला म्हणून तोरिनोला आली, त्यांतले ते एक. दोघंही इटालियनशिवाय काही बोलत नाहीत. मी मराठीशिवाय बोलते, पण ते इंग्रजी आठवी 'ब'च्या इन्स्पेक्शनपुरतंच. एकतीस वर्षं कोल्हापुरातल्या एका शाळेत मी मराठी शिकवलं. काळ ओळखा, प्रयोग ओळखा, अर्थ ओळखा, आणि न ओळखल्यास उभे राहा.

मधे दुभाषी म्हणून मुलगी. पण तिच्या हाती पडलेलं माझं वाक्य, कढईभर पालेभाजी शिजून वाटीभर व्हावी, तसं व्हायचं. मी म्हणायची, "बाळंतिणीला सकाळी उठल्या उठल्या ते गार दही? आमच्याकडे चाळीस दिवस गार पाण्यात बोट बुडवू देत नाहीत!" मुलगी तिकडे वळून सांगायची, "आई म्हणते, आभारी आहे." विहीणबाई हसायच्या. मीही हसायची. अशा हसण्यावर घरं चालतात हे मला मान्य आहे. पण किती दिवस?

८ डिसेंबरला ठिणगी पडली. त्या दिवशी इटलीत घरोघर नाताळचा देखावा मांडतात, प्रेझेपे म्हणतात त्याला. गोठा, गाय, गाढव, मेंढपाळ, मारिया, जोसेफ. गव्हाण तेवढी रिकामी; बाळ येशू तिच्यात २४ च्या रात्री येतो. गणपतीपुढे मीही कापसाचे हिमालय उभे केले आहेत, त्यामुळे मोठ्या आपुलकीने बघायला गेले. शेवाळाचं गवत होतं, आरशाचं तळं होतं, आणि गोठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाचे, दिव्याच्या उजेडात लखलखणारे खडक होते. एका खडकावर मेंढी चढली होती. एकाला टेकून जोसेफ उभा होता.

तो माझा अर्धा किलो डिंक होता.

"तुम्ही भारतातून आणलेले दगड काय सुंदर आहेत!" विहीणबाई म्हणाल्या.

माझ्या तोंडून जे निघालं ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात दिवसातून एकदा निघतंच: "विचारलं असतं तर सांगितलं असतं!"

मुलगी म्हणाली, "आई म्हणते, देखावा फार छान झालाय." विहीणबाईंनी माझ्या दोन्ही गालांना गाल लावले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पन्नाशी-साठीत सहसा न उमगणारी एक गोष्ट उमगली. कौतुकाला विशेषण पुरतं. 'बेल्ला' म्हटलं की काम झालं. बाजाराला आकडे पुरतात. प्रेमाला वर्तमानकाळ पुरतो. भांडायला मात्र सगळे काळ लागतात. कोण काय म्हणालं होतं, कोणी काय करायला हवं होतं, त्या जागी आपण असतो तर काय केलं असतं आणि इथून पुढे काय चालणार नाही, एवढं सगळं त्यात येतं. क्रियापदाशिवाय भांडण म्हणजे नुसतं रुसणं. मी ठरवलं, हे एक वाक्य त्यांच्या भाषेत, माझ्या तोंडाने, बिनचूक म्हणायचं. मग डिंक गेला तरी चालेल.

जवळच्या वाचनालयात एक निवृत्त शिक्षिका परदेशी लोकांना फुकट इटालियन शिकवत होत्या. वर्गात मोरोक्कोचा एक पाववाला, म्हाताऱ्या माणसांची सेवा करणारी युक्रेनची एक बाई, पेरूच्या दोघी बहिणी आणि मी. बाईंच्या हातात लाल पेन होतं. जात ओळखली.

"कुठवर शिकायचंय?" बाईंनी विचारलं. मी हातवाऱ्यांनी आणि मोडक्या इंग्रजीत माझं वाक्य सांगितलं. बाई बराच वेळ गप्प राहिल्या. कुणी पोहायला शिकायला यावं आणि थेट इंग्लिश खाडीचं नाव घ्यावं, तसं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी फळ्यावर सात रकाने आखले.

इटालियन क्रियापदाला सात 'मोदो' असतात. इंग्रजीवाले याला मूड म्हणतात. मोदो म्हणजे तऱ्हा. आपले व्याकरणकार त्याला 'अर्थ' म्हणतात आणि ते चार मानतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. माणसाला स्वार्थ आणि आज्ञार्थ एवढ्यात आयुष्य काढता येतं. माझ्या माहितीतल्या दोन मुख्याध्यापकांनी काढलं. इटालियनांना सात लागतात. इन्दिकातीवोचे आठ काळ, कॉन्जुन्तीवोचे चार, कॉन्दित्सिओनालेचे दोन, इम्पेरातीवोचा एक, आणि इन्फिनीतो, पार्तिचीपिओ, जेरुन्दिओ यांचे दोन-दोन. एकूण २१. बहुतेक काळांत सहा-सहा रूपं. एका क्रियापदाची नव्वदच्या वर रूपं होतात. क्रियापद कसलं, भावकी ती.

नुसत्या इन्दिकातीवोत भूतकाळ पाच. अपूर्ण तो इम्पेर्फेत्तो, जवळचा तो पस्सातो प्रॉस्सिमो, लांबचा तो पस्सातो रेमोतो, आणि या दोघांच्याही मागे उभे असलेले दोन त्रापस्साती. त्रापस्सातो या शब्दाचा दुसरा अर्थ 'दिवंगत' असाही होतो, तेव्हा भूत हा आपला शब्द त्यांना किती चपखल बसला असता! मी वहीत लिहून घेतलं: पंचमहाभूतं.

पहिलं क्रियापद आलं 'आवेरे', म्हणजे जवळ असणे. त्याच्या वर्तमानकाळात एच लिहायचा, पण उच्चारायचा नाही. त्यामुळे मी, तू, तो या क्रमाने रूपं होतात: ओ, आइ, आ. आम्ही पाच जण एका सुरात म्हणायला लागलो, तेव्हा शेजारच्या वाचनकक्षातून एक गृहस्थ डोकावून गेले. त्यांना दोष देता येत नाही. आठवड्यापूर्वीच मी हेच क्रियापद, याच क्रमाने, प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर ऐकलं होतं.

मग 'आन्दारे', जाणे. वादो, वाइ, वा, आणि मधेच आन्द्यामो, आन्दाते, पुन्हा वान्नो. पाववाला वैतागला. 'वा'चं 'आन्दा' कसं होतं? बाई म्हणाल्या, असंच असतं. मला गहिवरून आलं. 'जाणे'चं 'गेला' कसं होतं आणि 'येणे'चं 'आला' कसं होतं, असं विचारणाऱ्या एकतीस वर्षांतल्या प्रत्येक पोराला मीही हेच उत्तर दिलं होतं, फक्त जरा वरच्या पट्टीत. अकारण उभ्या राहिलेल्या त्या सगळ्यांची मी तोरिनोत बसून मनोमन माफी मागितली.

एका बाबतीत मात्र कोल्हापूरने वर्ग जिंकला. 'सफरचंद? ते मी खाल्लं' असं म्हणताना इटालियनमध्ये 'खाल्लं' हे मी कोण आहे ते बघत नाही, सफरचंदाकडे बघतं. 'मेला', सफरचंद, त्यांच्याकडे स्त्रीलिंगी. म्हणून 'ल'ओ मान्जाता', ती खाल्ली. पेरूच्या बहिणींना हे पटेना. खाणारी मी, मग शेपूट सफरचंदाची का? मी उठून फळ्यापाशी गेले आणि लिहिलं: मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळं खाल्लं, मी पोहे खाल्ले. खाणारा तोच, क्रियापद मात्र ताटाप्रमाणे. कर्मणी प्रयोग! त्यांच्याकडे हे कर्माचं सर्वनाम आधी आलं तरच होतं. आमच्याकडे रोज, तिन्ही त्रिकाळ. तसंच 'आवडणे'. 'मी पिआचे' म्हणजे मला आवडतं. वस्तू अनेक असल्या की 'मी पिआच्चोनो', मला आवडतात. तिथेही सत्ता खाणाऱ्याची नाही, खाद्याची. बाईंनी मला लाल पेनाने बरोबरची खूण दिली. बासष्टाव्या वर्षी ती किती गोड लागते ते सांगता येत नाही.

गर्व दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी 'काल काय केलं?' या प्रश्नाला मी उठून म्हणाले, "सोनो आन्दातो आल मेर्कातो." मी बाजारात गेलो.

"आन्दाता, सिन्योरा, आन्दाता!" बाई म्हणाल्या. "तुम्ही बाई आहात."

आता यांना कोल्हापूर कसं समजावू? आमच्याकडे घरात बायका 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी बाजारात गेलो' असंच म्हणतात, आणि त्यावरून आजवर कुणाचं स्त्रीपण कमी झालेलं नाही. डी.एड.ला पुण्यात गेले तेव्हा दोन वर्षांत 'गेलो'चं 'गेले' करून घेतलं. वर्गात 'गेले', घरी 'गेलो', असा माझा दुहेरी संसार एकतीस वर्षं चालला.

हे सगळं बाईंना कसंबसं सांगितलं, तर त्या लाल पेन खाली ठेवून मान्झोनीबद्दल बोलायला लागल्या. मान्झोनी मिलानचा. त्याची 'इ प्रोमेस्सी स्पोझी' ही कादंबरी १८२७ साली आली, आणि त्याच वर्षी तो फ्लॉरेन्सला गेला. तिथली बोली ऐकून त्याला आपलीच भाषा खटकायला लागली. पुढे बारा-तेरा वर्षं तो तीच कादंबरी पुन्हा घासत बसला आणि १८४० ते ४२ मध्ये ती नव्याने काढली. त्यात त्याने केलेला एक बदल असा: 'माझ्याकडे होतं' अशा ठिकाणी जुन्या पुस्तकी भाषेत 'इओ आवेवा' लिहायचे. 'तो'चं रूपही 'आवेवा'च. मान्झोनीने त्याचं फ्लॉरेन्सच्या बोलण्यातलं 'इओ आवेवो' केलं. एक अक्षर! आज अख्खा इटली 'आवेवो' म्हणतो. या खटाटोपाला 'आर्नो नदीत कपडे धुणं' म्हणतात. मी म्हटलं, बाई, मीही माझे कपडे मुठेत धुऊन आणले होते. घरी पोचल्यावर ते पुन्हा पंचगंगेत भिजले, एवढंच.

घरचा अभ्यास घरात व्हायचा. तिथे पहिली अडचण सर्वनामाची. विहीणबाई एकदा माझ्याकडे बघत म्हणाल्या, "लेई वुओले उन काफ्फे?" मी शब्द जुळवले: लेई म्हणजे ती, वुओले म्हणजे हवी आहे. तिला कॉफी हवी का? मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. मुलगी म्हणाली, "आई, ती म्हणजे तू. अहो-जाहो करताना हे लोक समोरच्याला 'ती' म्हणतात." पुरुषालासुद्धा 'ती'च. आधी हसू आलं. मग आठवलं की आमच्या आईने उभ्या जन्मात वडिलांना 'तुम्ही' म्हटलं नाही. 'ह्यांचं जेवण व्हायचंय' असं त्यांच्या समोरच, भिंतीला सांगायची. मान द्यायचा तर समोरच्याला जरा लांब उभं करायचं, ही युक्ती दोन्हीकडे एकच.

या 'लेई'वर एकदा बंदी आली होती. १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने फर्मान काढलं की 'लेई' बायकी आहे, परकं आहे. यापुढे 'वोई' म्हणायचं. म्हणजे एका हुकमाने देशभरच्या क्रियापदांनी तृतीयपुरुषी एकवचनातून उठून द्वितीयपुरुषी अनेकवचनात जाऊन बसायचं. 'लेई' नावाचं बायकांचं एक साप्ताहिक होतं. त्यातली 'लेई' मानाची नव्हतीच, साधी 'ती' होती. तरी त्याला घाबरून 'आन्नाबेल्ला' व्हावं लागलं. राजवट गेली, 'लेई' परत आली. हुकूम आज्ञार्थात असतो, पण भाषा ऐकते स्वार्थात.

आठवडाभराने विहीणबाईंनी प्रेमाने सुचवलं की आता आपण 'लेई' सोडू आणि एकमेकींना 'तू' म्हणू. त्यांचा 'तू' आणि आपला 'तू' यांत उच्चाराचाही फरक नाही. विहिणीला 'तू'! कोल्हापुरात याच्यावरून बैठक बसली असती. शिवाय माझी अडचण वेगळी होती. माझं वाक्य मी 'लेई'त बेतलं होतं. 'तू' केलं की एक क्रियापद आणि एक सर्वनाम उसवून पुन्हा शिवावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर भांडण अहो-जाहोतच शोभतं. मी नम्रपणे नकार दिला. त्यांना माझ्या संस्कारांचं फार कौतुक वाटलं.

दुसरी अडचण भुतांची. वर्गात बाईंनी सांगितलं होतं की नुकतं घडलेलं जवळच्या भूतकाळात, फार पूर्वी घडून संपलेलं लांबच्या भूतकाळात. घरी येऊन बघते तर व्याही सकाळच्या बिस्किटांबद्दल म्हणाले, "मान्जाइ." पस्सातो रेमोतो! शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला त्या काळात यांनी नाश्ता केला. उलट विहीणबाई १९७९ सालच्या स्वतःच्या लग्नाबद्दल बोलत होत्या पस्सातो प्रॉस्सिमोत, म्हणजे जसं काही आत्ताच मांडवातून उठून आल्या. बाईंना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. उत्तरेत बोलताना सगळा भूतकाळ जवळचाच. रेमोतो पुस्तकात आणि परीकथेत. सिसिलीत मात्र आज सकाळचंही रेमोतोत जातं. हे व्याकरण झालं. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या त्या संसाराचं सारही त्यात होतं. व्याहींच्या दृष्टीने झालं ते होऊन गेलं, नाश्त्यासकट. विहीणबाईंच्या दृष्टीने लग्नात झालेला अपमान अजून गरम होता.

व्याहींची आणखी एक दक्षिणी खोड होती. मुलीच्या हातात बाळ दिसलं की ते म्हणायचे, "शेन्दी ला बाम्बीना!" शेन्देरे म्हणजे उतरणे. बाळ उतर! विहीणबाई तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या: बाळाला उतरायला लाव, असं म्हणायचं. या प्रकारावरून २०१९ साली तिथल्या वर्तमानपत्रांत वादळ झालं होतं, आणि क्रुस्का अकादमीला खुलासे करावे लागले. ही अकादमी फ्लॉरेन्सची, १५८३ ची. क्रुस्का म्हणजे कोंडा. भाषेतला कोंडा चाळून पीठ काढणारी म्हणून हे नाव, चिन्हही चाळणीचं. मला त्या भांडणाची गंमतच वाटली. उतर, उतरव. बस, बसव. झोप, झोपव. आमच्याकडे एका 'व'ने जे मिटतं, त्यासाठी यांना अकादमी बसवावी लागते.

तिसरं आणि सगळ्यांत अवघड ते कॉन्जुन्तीवो. वस्तुस्थिती सांगायची तर इन्दिकातीवो. पण 'मला वाटतं', 'मला शंका आहे', 'देव करो' असं काही आधी आलं की क्रियापदाने लगेच वेश बदलायचा. विहीणबाई म्हणायच्या, "मला वाटतं, बाळाला थंडी 'आब्बिया'." साधं 'आ' नाही. बरेच दिवस डोक्यात शिरेना. मग एका रात्री कानटोपी घालताना माझ्याच तोंडून निघालं, "थंडी वाजत असावी गं हिला." असावी! वाजतेय असं नाही, वाजत असावी. हे तर मी जन्मभर वापरत आलेले. वाऱ्याच्या झुळुकीने माणूस आजारी पडतो यावर इटालियन आजीची आणि मराठी आजीची श्रद्धा सारखीच, त्यामुळे कानटोपीच्या बाबतीत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं. तेही संशयार्थात.

पुढे एकेक दार उघडत गेलं. घड्याळ न बघता वेळ सांगताना ते भविष्यकाळ वापरतात: 'सारान्नो ले चिंक्वे'. म्हणजे 'पाच वाजले असतील'. नुसतं 'सारा' म्हणून खांदे उडवले की आपलं 'असेल!', तेही त्याच नाराजीने. भाजीवाल्यापुढे 'वोलेवो', हवे होते, असं अदबीने भूतकाळात म्हणायचं, आणि भाजीवाला थट्टेखोर असला तर विचारणार, "हवे होते? मग आता नकोत का?" हा विनोद इटलीत फार जुना आहे. कोल्हापूरच्या भाजी मंडईत 'कोथिंबीर हवी होती' म्हटल्यावर मी तो किमान पन्नास वेळा ऐकलाय. 'असं करू नये' हे त्यांचं 'नोन सी फा'. त्यात कर्ताच नसतो, त्यामुळे वाद कुणाशी घालायचा तेच कळत नाही. आपल्याकडचं 'असं करत नसतात' हेही तसंच बेवारस आणि तसंच बिनतोड. एका बाबतीत मात्र आपण पुढे आहोत. हॉटेलात वेटर लांबून ओरडतो, 'आर्रीवो', येतोय. आपण न्हाणीघरात डोक्यावर पाणी ओतत ओरडतो, 'आलोच!' न घडलेल्या गोष्टीला एवढ्या आत्मविश्वासाने भूतकाळ लावणारा समाज जगात दुसरा नसावा. (नसावा: कॉन्जुन्तीवो.)

बाळ रात्री जागं राहायचं. व्याही त्याला मांडीवर घेऊन पुच्चिनीच्या 'तुरान्दोत'मधलं 'नेस्सुन दोर्मा' गुणगुणायचे. १९२६ साली मिलानला पहिल्यांदा झालेला ऑपेरा. ते पद पावारोत्तीने जगभर नेलं. 'दोर्मा' हेही कॉन्जुन्तीवो: कोणीही झोपू नये. बाळ आज्ञाधारक होतं, झोपलं नाही. मग दुपारी मी त्याला गाडीत घालून बाहेर काढायची. तोरिनोत रस्त्यांच्या कडेने किलोमीटरच्या किलोमीटर कमानी आहेत, पावसात छत्री लागत नाही. त्या कमानींखालून गाडी ढकलत मी 'असणे'चा पस्सातो रेमोतो घोकायची: फुइ, फोस्ती, फू, फुम्मो, फोस्ते, फूरोनो. तिसऱ्या 'फू'ला बाळ गाढ झोपायचं. संपलेल्या भूतकाळाइतकी शांत अंगाई नाही.

इकडे वाक्य शिजत होतं. 'विचारलं असतं तर सांगितलं असतं.' पूर्वार्धात कॉन्जुन्तीवोचा त्रापस्सातो, उत्तरार्धात कॉन्दित्सिओनालेचा पस्सातो, आणि 'तुम्हाला ते' यांचं 'ल्येलो' असं एकजीव झालेलं सर्वनाम. बाईंनी बजावलं होतं, 'से', म्हणजे जर, याच्या पाठीवर कॉन्दित्सिओनाले बसवायचं नाही. ही चूक खुद्द इटालियन लोक करतात आणि इतर इटालियन लोक तिच्यावर टपलेले असतात. १९७५ च्या 'फान्तोत्सी' सिनेमात टेनिस खेळताना दोन कारकुनांची क्रियापदावरून जी फजिती होते, ती अजून लोक एकमेकांना सांगतात. आज्ञार्थाची धडधडीत चूक एक जण करतो आणि दुसरा आदराने तिला कॉन्जुन्तीवो समजतो. २०१८ साली सानरेमोच्या गाण्यांच्या महोत्सवात नवोदितांमध्ये कॉन्जुन्तीवोवरच एक गाणं होतं. ज्या देशात विध्यर्थावर गाणी होतात, तिथे आपण चुकून चालायचं नाही.

६ जानेवारीला एपिफानी. त्या दिवशी सण संपतात आणि देखावा आवरतात. जेवायला बारा माणसं होती. विहीणबाई एकेक मेंढी कागदात गुंडाळत होत्या. शेवटी त्यांनी मूठभर डिंक उचलून विचारलं, "हे दगड तुमच्याकडे कुठल्या डोंगरात मिळतात?"

मी उभी राहिले. मुलगी घाईने तोंड उघडणार, तेवढ्यात तिला हाताने थांबवलं. सावकाश, प्रत्येक दुहेरी अक्षरावर जोर देत म्हणाले:

"से मे लो आवेस्से किएस्तो, ल्येलो आव्रेइ देत्तो."

टेबलावर शांतता पसरली. बाण बरोबर बसला होता. चार आठवड्यांचा राग त्या एका वाक्यात होता. विहीणबाईंच्या हातातला डिंक खाली पडला. त्यांनी दोन्ही हात छातीशी नेले आणि ओरडल्या,

"ब्रावा! ब्राविस्सिमा! कॉन्जुन्तीवो त्रापस्सातो!"

आणि बाराच्या बारा माणसांनी टाळ्या वाजवल्या. व्याहींनी ग्लास वर केला. एका मामेसासऱ्याने आपल्या कॉलेजातल्या मुलाला सुनावलं, बघ, ही बाई भारतातून येऊन म्हणते आणि तुला जमत नाही. विहीणबाईंनी बहिणीला फोन लावला आणि मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं. पलीकडूनही टाळ्या आल्या. मजकूर कुणीच ऐकला नव्हता. माझ्या भांडणाला शंभरपैकी शंभर गुण मिळाले होते आणि एकही भांडण झालं नव्हतं. शुद्धलेखन उत्तम म्हणून बंडखोरीच्या निबंधालाच बक्षीस द्यावं, तसा प्रकार.

टाळ्या ओसरल्यावर मात्र विहीणबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. डिंक म्हणजे काय हे एव्हाना मुलीने त्यांना सांगितलं होतं, बहुधा प्रथमच खरं भाषांतर करून. माझा हात हातात घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "से लो आवेस्सी सापूतो..." ठाऊक असतं तर... आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. तक्रार ज्या संकेतार्थात, माफीही त्याच संकेतार्थात. उत्तरार्ध मी मनात पूर्ण केला: ठेवला नसता.

दुसऱ्या दिवशी व्याहींच्या दाढीच्या नव्या ब्रशाने डिंकावरचं शेवाळ झाडलं आणि तो तुपात सोडला. खडे टचाटच फुलून पांढरेशुभ्र झाले. गोठ्यातले दगड फुललेले बघून विहीणबाईंनी छातीवर क्रूस काढला. लाडू वळायला त्याच बसल्या. बाळंतिणीला दिवसाला एक म्हणून केलेले लाडू चार दिवसांत संपले. व्याहींना विचारलं तर म्हणाले, "मान्जाइ." खाल्ले, फार फार पूर्वी.

फेब्रुवारीत व्हिसाचे नव्वद दिवस भरले. दारात निरोप घेताना मी सवयीने म्हणाले, "येतो."

तीन महिन्यांत विहीणबाईंना थोडं मराठी समजायला लागलं होतं. त्यांनी मुलीला विचारलं, "येतो म्हणजे 'येणे'च ना? मग ही निघाली कुठे?" मुलीने सांगितलं, आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ असतं, 'येतो' म्हणतात. आणि बायकांनी खरं तर 'येते' म्हणायचं, पण आई कोल्हापूरची आहे. विहीणबाई विचारात पडल्या. रूप वर्तमानकाळाचं, मतलब भविष्यकाळाचा, लिंग पुल्लिंगी, आणि बाई तर चाललेली! शेवटी त्यांनी निर्णय दिला की जे घडावं असं वाटतं पण घडेल याची खात्री नाही, ते सगळं कॉन्जुन्तीवो. मग मला मिठी मारून म्हणाल्या, "आर्रीवेदेर्ची." त्यातही 'पुन्हा बघणे' हे क्रियापद आहेच, पण इन्फिनीतोत: ना पुरुष, ना वचन, नुसती ओढ.

खाली टॅक्सीत बसले, पदराने डोळे पुसायला गेले, तेव्हा लक्षात आलं, चष्मा वरच राहिला. लिफ्टने परत चौथ्या मजल्यावर. बेल वाजवली. विहीणबाईंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि निर्णय मागे घेतला.

"इन्दिकातीवो," त्या म्हणाल्या. "प्रेझेन्ते."